कैरोच्या संग्रहालयात

इजिप्तची राजधानी कैरो. या नगरीतील तहरीर चौकात एक भव्य गुलाबी इमारत उभी आहे. तीच येथील प्रसिद्ध पुराणवस्तुसंग्रहालय होय. इ. स. १९०२ मध्ये ते प्रेक्षकांसाठी खुले झाले. पुढे कित्येक वर्षे देशोदेशींचे प्रवासी येथे धाव घेत, ती मुख्यतः तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा पाहण्यासाठी. २०२५ साली ते वैभव गीझा येथील नव्या संग्रहालयात गेले. एका परीने हे बरेच झाले. सोन्याने दिपणारे डोळे आता इतर वस्तूंकडे निवांतपणे वळू शकतात.

राहोतेप व त्याची पत्नी नोफ्रेत यांच्या रंगीत मूर्ती येथे शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्यांचे वय सुमारे ४,६०० वर्षे! १८७१ साली मेदूम येथील त्यांच्या थडग्यात एक मजूर प्रथम शिरला. दिव्याच्या उजेडात चार डोळे आपल्याकडे रोखून पाहत आहेत असे त्याला दिसले, आणि तो भयाने बाहेर पळाला, असे सांगतात. ते डोळे स्फटिकाचे आहेत. आजही ते तसेच चमकतात.

मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील लाकडी खेळणी तर पाहतच राहावी. खेळणी म्हणायची एवढेच. मृत्यूनंतरही धन्याची सेवा घडावी, म्हणून ती थडग्यात ठेवली होती. येथे सुतार लाकूड कापीत आहेत, बायका सूत कातीत आहेत, कोळी दोन नावांमधून जाळे ओढीत आहेत. मेकेत्रे स्वतः मंडपात बसून समोरून जाणारी गुरे मोजून घेत आहे! चार हजार वर्षांपूर्वीचा एक दिवस जणू जागच्या जागी थांबला आहे.

गीझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. मूळची त्याची उंची सुमारे १४६ मीटर. मात्र त्या राजाची निश्चितपणे ओळख पटलेली अखंड मूर्ती एकच आहे. ती हस्तिदंताची असून तिची उंची अवघी साडेसात सेंटिमीटर आहे. १९०३ साली अबायडॉस येथील उत्खननात ती सापडली, तेव्हा तिला मस्तकच नव्हते. आसनावर कोरलेल्या नावावरून फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाने तिचे मोल ओळखले. मानेची मोड ताजी होती; म्हणजे मस्तक खोदतानाच निखळले असले पाहिजे. त्याने काम थांबविले व उपसलेली सारी माती चाळून काढण्याची आज्ञा दिली. सुमारे तीन आठवडे चाळणी चालली. अखेर एके दिवशी खुफूचा इवलासा चेहरा चाळणीत आला.