एक्सप्लेनर : गुणपत्रिकेत ९० टक्के, पण मोटर बंद पडली तर? शाळेतले कौशल्य शिक्षण समजून घ्या

अहिल्यानगर : दहावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात. त्याच घरातली विहिरीवरची मोटर बंद पडली, तर मात्र तालुक्याहून वायरमन येईपर्यंत पिकाचे पाणी थांबते. ओहमचा नियम पाठ असलेल्या मुलाने टेस्टर कधी हातात धरलेला नसतो. पुढे नागापूर किंवा सुपे एमआयडीसीत कामासाठी गेल्यावरही हीच अडचण येते. पुस्तक आणि काम यांतले हे अंतर शाळेतच कमी करता येते का?

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्यांनी १० दिवस दप्तराविना शिकायचे आहे. या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्याच कारागिरांकडे जाऊन काम पाहायचे आणि करायचे. २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्टही धोरणाने ठेवले होते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. नगरहून पुण्याकडे जाताना घोडनदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. याच तालुक्यातील पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून ते दुष्काळी गावात राहायला आले.

इथल्या प्रयोगातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. त्याचे चार भाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. चारही भाग सगळ्यांना सारखेच. म्हणजे मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलेही स्वयंपाक शिकतात.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर आराखडा काढून यंत्रावर वस्तू बनवण्याची ही कार्यशाळा एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक आहे.

मग वेगळेपण कशात?

मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडते, यात. नमुन्यासाठी जोड मारून तो कपाटात ठेवायचा नाही. कुणाला हवे असलेले स्टूल बनवायचे, शाळेच्या वायरिंगची दुरुस्ती करायची, किंवा गावकऱ्यांच्या रक्तगटाची तपासणी करायची. काम खऱ्या माणसाला द्यायचे असले की माप चुकवून चालत नाही. साहित्याचा खर्च किती आला, मजुरी किती धरायची, हा हिशोबही मुलांनाच मांडावा लागतो. शिकवायलाही शक्यतो परिसरातलाच कारागीर असतो.

गणित-विज्ञान मागे पडते का?

उलट ते उपयोगात येते. ही दोन उदाहरणे पाहा.

• वीज : एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पाच हॉर्सपॉवरची मोटर चार तास चालली, तर सुमारे १५ युनिट वीज लागते. जुनी मोटर याहून जास्त खाते. ती किती जास्त, हे मुलांना मीटर वाचून काढता येते.

• पाणी : १००० चौरस फूट पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १८५० लिटर पाणी मिळते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हाच हिशोब गावपातळीवर केला. पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती पाणी लागेल, याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवली जातात. त्यासाठी लागते ते गणित शाळेतलेच आहे.

मोबाइल वापरणे हेही आता रोजचे कौशल्य आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करायचा, एवढे आठवीतल्या मुलाला माहीत असले तरी घरातल्या आजी-आजोबांचे पैसे वाचू शकतात.

हा विषय ‘कच्च्या’ मुलांसाठी आहे का?

हा समज सर्वात जास्त नुकसान करतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथून पुढे इंजिनिअरिंगचा रस्ताही खुला असतो. आणि जो डॉक्टर किंवा अधिकारी होणार आहे, त्याच्याही घरात नळ गळणार आहेच.

खरा धोका वेगळा आहे. कौशल्याचा तासही फळ्यावर शिकवला गेला आणि वहीत आकृत्या काढून संपला, तर तो परीक्षेचा आणखी एक विषय होऊन बसतो.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

• आठवड्यात प्रत्यक्ष काम किती तास होते?

• अवजारे मुलांच्या हातात येतात की कुलपात असतात?

• विजेचे काम करताना मेन स्विच बंद करणे, हातमोजे-चष्मा वापरणे हे शिकवले जाते का?

• मुली आणि मुले सगळी कामे करतात का?

• या वर्षी मुलांनी बनवलेली कोणती वस्तू आज कुणी वापरत आहे?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर बाकीची बहुतेक उत्तरे त्यातच सापडतील.