कुत्र्यासोबत कोकणात जायचंय? बॅग भरण्याआधी फोनवर ही ५ कामं उरका

आपल्या वाशिमपासून समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास. एवढं लांब गेल्यावर कोणी म्हणालं, "कुत्रा आत चालणार नाही," तर रात्री कुठं जायचं?

माझ्यासोबत हेच झालं. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेरूला घेऊन अलिबागकडे गेलो. बुकिंग करताना 'पेट फ्रेंडली' फिल्टर लावला होता. पोचल्यावर मालक म्हणाले, "चालतो की, अंगणात बांधा." शेरू कधी बाहेर झोपलेला नाही. तो रडायला लागला आणि मी त्याच्यासोबत अख्खी रात्र गाडीत काढली. खोटं कोणीच बोललं नव्हतं. मीच नीट विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी असं प्लॅनिंग करतो.

१) फिल्टरवर थांबू नका

'पेट फ्रेंडली' ही खूण बहुतेक वेळा मालकाने फॉर्म भरताना केलेली टिक असते. कुत्रा खोलीत चालेल की फक्त अंगणात, हे त्यातून कळत नाही. म्हणून गुगल मॅप्सवर त्या जागेचे रिव्ह्यू उघडा आणि तिथल्या सर्चमध्ये 'dog', 'pet', 'कुत्रा' टाकून बघा. जे कुत्रा घेऊन राहून आले, त्यांचं लिहिलेलं टिकपेक्षा जास्त खरं.

२) व्हॉट्सॲपवर लेखी विचारा

फोनवर बोललेलं विसरलं जातं. मी सरळ मेसेज टाकतो: "नमस्कार दादा, सोबत १८ किलोचा देशी कुत्रा आहे. रात्री खोलीत आमच्याजवळ झोपेल, चालेल का? वेगळे पैसे किती? आवारात दुसरा कुत्रा मोकळा असतो का?" उत्तर आल्यावरच ॲडव्हान्स पाठवा.

३) रेल्वे की गाडी?

रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागते. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये एकटं जावं लागतं.

म्हणून आम्ही गाडीने जातो. शेलूबाजारला समृद्धीवर चढता येतं, आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. पण तिथं वाटेल तिथं गाडी थांबवता येत नाही. म्हणून मॅप्समध्ये 'ॲड स्टॉप' वापरून दर दोन-अडीच तासांनी थांबायच्या जागा आधीच टाकून ठेवा. आणि काहीही झालं तरी कुत्र्याला बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. काचा बंद असल्या की गाडी काही मिनिटांत तापते.

४) तारीख ठरवताना भरती-ओहोटी बघा

ही गोष्ट आपण विदर्भवाले हमखास विसरतो. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. या हिशोबाने पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. वाळू गार, किनारा रुंद, कुत्र्याला पळायला मस्त! पण त्याच दिवसांत उधाण असतं, दुपारचं पाणी खूप वर चढतं. गाडी वाळूवर नेऊ नका. नेमकी वेळ फोनवर तपासा. लाटांचा इशारा हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते, तोही बघून घ्या.

वेळास, आंजर्ले, दिवेआगर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुत्रे ती उकरून खातात. आपला कुत्रा कितीही शहाणा असला, तरी तिथं पट्टा सोडायचा नाही.

५) नेट गेलं तर?

घरच्या वायफायवर मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा. गाडीचा रस्ता दिसेल, ट्रॅफिक मात्र दिसणार नाही. रेबीजच्या लसीची नोंद, मालकाचा मेसेज आणि तिथल्या जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, या तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ट्रॅकर घ्यायचा विचार असेल तर फरक समजून घ्या. ब्लूटूथ टॅग आजूबाजूच्या लोकांच्या फोनवरून जागा कळवतो. किनारा रिकामा असेल तर तो गप्पच. सिमवाल्या जीपीएस ट्रॅकरला मोबाईल नेटवर्क लागतं. गळपट्ट्यावर ठळक लिहिलेला तुमचा नंबर मात्र दोन्ही नसताना चालतो. शेरूच्या पट्ट्यावर दोन नंबर आहेत, माझा आणि आईचा.

यंदा मालकांचा मेसेज आला: "खोलीत चालेल, फक्त चादर तुमची आणा." बस, एवढं वाक्य फोनमध्ये असलं की निघायचं.