सव्वा महिन्यातील सुख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे उरणपासून अलिबाग आणि मुरूडमार्गे श्रीवर्धनपर्यंतच्या आगरी, कोळी, भंडारी, माळी अशा वस्त्यांमध्ये, पहिलटकरणीचे बाळंतपण आजही बहुधा माहेरी होते आणि प्रसूतीनंतरचा सव्वा महिना, म्हणजे साधारण चाळीस दिवस, माय-लेकरांनी घरातल्या एका खोलीत काढावा असा प्रघात आहे. या काळाविषयीचे रूढ समज केवळ प्रकृतीपुरते नाहीत. नव्या आई-बापांनी आनंद कशात मानावा, केव्हा मानावा आणि घरातल्या कोणी मानावा, याचेही अलिखित नियम त्यांतून तयार झालेले आहेत. त्यांतले काही निरुपद्रवी आहेत, एखाददुसरा रम्य आहे आणि काही निश्चित अपायकारक आहेत. परंतु समोरच्या बाळाकडे पाहण्याऐवजी बाळाविषयीच्या ठरीव मतांकडे पाहण्याची सवय ते सर्वच लावतात, आणि या दिवसांतले लहानसहान सुख हातून निसटते ते त्यामुळेच.

सर्वांत दृढ समज असा की सव्वा महिना बाळाला काही दिसत नाही आणि कळतही नाही, म्हणून ते म्हणजे नुसता मांसाचा गोळा. वस्तुस्थिती अशी आहे की नवजात अर्भकाची दृष्टी अंधुक असली तरी 20 ते 30 सेंटीमीटर अंतरावरचे त्याला बऱ्यापैकी दिसते, आणि पाजताना आईचा चेहरा त्याच्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. ऐकू तर त्याला गर्भात असल्यापासूनच येत असते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडात चोखणी देऊन तिच्या लयीवर ध्वनिमुद्रित आवाज बदलण्याची सोय केली होती, तेव्हा परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा अशा रीतीने बाळांनी चोखण्याची लय बदलल्याचे दिसून आले. तेव्हा पाळण्याशी तोंड नेऊन बोलणाऱ्या आईला ‘त्याला काय कळतंय?’ असे विचारणाऱ्यांचा प्रश्नच चुकीचा ठरतो.

बाळ झोपेत हसते किंवा ओठ काढून रडवेले होते, तेव्हा सटवाई त्याला हसवते-रडवते असे म्हणतात. ही सटवाई म्हणजे पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिणारी देवता, जिच्यासाठी पाचवीच्या पूजेत पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते. अलीकडच्या शिकलेल्या घरांत सटवाईची जागा पोटातल्या वायूने घेतली आहे, पण हे नवे स्पष्टीकरण जुन्याहून अधिक बरोबर नाही आणि कमी देखणे मात्र आहे. नवजात बाळाच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग सक्रिय निद्रेचा असतो, म्हणजे ज्या झोपेत मिटल्या पापण्यांआड डोळे हलतात, श्वास अनियमित होतो आणि चेहऱ्याचे स्नायू आपोआप आकुंचन पावतात, आणि झोपेतले स्मित हा त्याच हालचालींचा एक भाग आहे. समोरच्या माणसाला ओळख देणारे, डोळ्यांत उतरणारे सामाजिक स्मित साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास उमटते. बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले असेल तर हे आठवडे जन्मापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागतात. बाळंतीण खोलीबाहेर पडण्याचा आणि बाळ पहिल्यांदा ओळखीचे हसण्याचा काळ जवळजवळ एकच असावा, हा योगायोग मोठा गोड आहे.

दुधाविषयीचे गैरसमज मात्र इतके गोड नाहीत. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधते म्हणून काही घरांत पिळून टाकले जाते आणि त्याऐवजी मध किंवा साखरेचे पाणी चाटवले जाते; शेजारच्या गोठ्यात गाय व्याली की खरवसाची वाट पाहणाऱ्या याच घरांनी आईचा चीक टाकून द्यावा, ही विसंगती क्वचितच कोणाच्या लक्षात येते. चिकाचे प्रमाण काही चमच्यांइतकेच असते, परंतु पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच असते, आणि रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये त्यात भरपूर असतात. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होण्याचा धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये. सहाणेवर बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांचे मोजून वेढे उगाळून केलेली गुटी हा आजीच्या हातचा सोहळा असला, तरी पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज, वैद्यकीय सल्ल्याने दिलेले औषध सोडता, काहीही देऊ नये ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस गुटीला आणि मे महिन्याच्या उकाड्यात पाजल्या जाणाऱ्या पाण्यालाही लागू पडते, कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते.

दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मुशी, जिला मोरीही म्हणतात, खाऊ घालण्याची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. मुशी हा शार्कच्या कुळातला मासा, आणि मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांच्या शरीरात पारा साठत जातो म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्तनदा मातांना शार्क टाळण्याचा सल्ला दिलेला आहे. लहान जातीच्या मुशीत हे प्रमाण कमी असणे संभवते, पण बांगडा, मांदेली, बोंबील अशी छोटी मासळी प्रथिनांसाठी तितकीच उपयोगी आणि अधिक निर्धास्त होय. मासळी असो की आळिवाचे लाडू, त्यांनी आईचे पोषण होते. दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट चोखल्याने, कारण चोखण्यानेच दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि रिकामा झालेला स्तनच पुन्हा भरतो.

तरीही संध्याकाळी बाळ तास-तासभर रडू लागले की ‘दूध पुरत नाही’ किंवा ‘दृष्ट लागली’ यांपैकी एक निदान ठरलेले असते. निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, आणि त्यातले बरेचसे नेमके संध्याकाळीच होते. दृष्ट काढताना मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्याने बाळाचे काही बिघडत नाही, फक्त त्या मिरच्यांचा खकाणा त्याच्या नाकात जाऊ नये. परंतु दूध पुरत नाही या समजापायी बाटली सुरू केली की चोखणे कमी होते आणि दूध खरोखरच घटू लागते. दूध पुरते की नाही याचा पुरावा पडवीतल्या दोरीवर टांगलेला असतो: पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि बाळाचे जन्मवजन दोन आठवड्यांच्या आत भरून येत असेल, तर शंकेला जागा नाही. आषाढात तेच लंगोट वाळता वाळत नाहीत आणि शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर पसरावे लागतात, ही तक्रार म्हणजे सारे ठीक असल्याची पावतीच समजावी.

शेगडीची ऊब बाळंतिणीला सुखावते हे खरे, पण कोंदट खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी बाळाला देणे त्याच्या फुप्फुसांना घातक असते, आणि काजळात शिसे असू शकते म्हणून ते डोळ्यांत घालू नये. तेलाच्या मालिशीचे तसे नाही. नागाव-चौलच्या वाड्यांतले खोबरेल यात अगदी योग्य, कारण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांचे वजन खोबरेलाच्या मालिशीने अधिक वाढल्याचे भारतीय अभ्यासातही दिसले आहे. नाक-कानांत तेल सोडणे आणि डोक्याला आकार देण्यासाठी ते दाबणे तेवढे वगळावे.

‘बाळ लहान आहे तोवर बापाचे काम काय?’ हा समज कदाचित सर्वांत महाग पडणारा आहे. जन्मानंतरच्या दहा-बारा दिवसांची सोयर, म्हणजे जन्मामुळे पाळावयाची अशौचाची रीत, आणि माहेरचे बाळंतपण यांमुळे बाप पाहुण्यासारखा येतो, बाळाच्या हातात नोट ठेवतो आणि जातो. फिलिपाइन्समधील सेबू येथे 624 पुरुषांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांमधील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक लक्षणीय घटल्याचे, आणि रोज तीन तासांहून अधिक वेळ मुलाला सांभाळणाऱ्यांत ते आणखी कमी असल्याचे आढळले, म्हणजे पुरुषाचे शरीरही या कामाशी जुळवून घेते. उघड्या छातीवर बाळाला घेण्याची, कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाणारी रीत बापालाही जमते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै या काळात बंद असते. थळ, रेवदंडा किंवा जीवना बंदरातल्या कोळी बापाला हे 61 दिवस जाळी विणण्याबरोबर बाळ निजवायलाही मिळतात, ही सवलत केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या 15 दिवसांच्या पितृत्व रजेहून चौपट मोठी आहे, आणि खासगी नोकरीतल्या बापाला तर तेवढ्या रजेचाही कायदेशीर हक्क नाही.

आई झाली म्हणजे बाई आनंदी असलीच पाहिजे, हाही एक गैरसमजच आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक मातांच्या वाट्याला येते आणि दोन आठवड्यांत मावळते. त्यापुढेही ते टिकले, झोप उडाली किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार असतो, त्यावर उपचार आहेत आणि सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या प्रत्येक घरी आशा स्वयंसेविकेने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट देणे सरकारी कार्यक्रमात ठरलेले आहे. बाळाचे वजन, दूध, रडणे यांविषयीच्या शंका शेजारणीला विचारण्याआधी तिला विचाराव्यात, आणि त्या सहा भेटींपैकी निदान एका भेटीला बाळ बापाच्या मांडीवर असावे.