ब्रिक्स उसाचा, जोर मांडीचा



दर अंकात या पानावर बेणे, खत, पाणी यांबद्दल लिहितो. या खेपेला विषय गुडघ्याचा आहे. ऊस कितीही जोमदार असो, मालकाला बांधापर्यंत जाता आले तर उपयोग!

गेल्या आडसाली लागणीच्या वेळी आमच्या गटातले एक जुने सभासद, वय 67, गट ऑफिसात आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. "साहेब, अडीच एकर वाट्यानं द्यावं म्हणतो. गुडघा ऐकत नाही." एका शिबिरात त्यांनी पैसे मोजून रक्ताच्या ढीगभर तपासण्या केल्या होत्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "मग माझं दुखणं काय खोटं हाय?" हा त्यांचा सवाल.

दुखणे खोटे नाही. गुडघ्याच्या झिजेत रक्ताचे साधे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतात. रक्त तपासतात ते आमवात, गाऊट असे दुसरे आजार नाहीत ना, हे पाहायला. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटला तर बहुधा झीज. तासन्‌तास राहिला, हाताची बोटेही सुजली, तर मात्र रक्त तपासलेच पाहिजे.

आपण रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघतो. वरच्या-खालच्या कांड्यांचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व समजतो. तशी झिजेची खूण शास्त्रज्ञ शोधत आहेत. कूर्चा झिजताना तिचे बारीक तुकडे रक्तात, लघवीत उतरतात. रक्तातले 'कॉम्प' आणि लघवीतले 'सीटीएक्स-दोन' ही त्यांतली दोन नावे. पण हे काम अजून संशोधनातच आहे. एका माणसाच्या गुडघ्याचा निवाडा करील अशी रक्ततपासणी आज नाही. एक्स-रेचेही तसेच. कोणाची झीज मोठी आणि दुखणे थोडे, तर कोणाचे उलटे.

मग भरवसा कशावर? मांडीच्या पुढच्या स्नायूवर. चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. हा स्नायू तो भार सावरतो. गुडघा दुखला, सुजला की स्नायूला पुरता जोर लावता येत नाही. माणूस बसून राहतो, स्नायू वाळतो आणि गुडघा आणखी दुखतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या पाण्यावर ती जगते, आणि ते पाणी तिच्यात मुरते हालचालीने. म्हणजे पार बसून राहणे हा उपाय नव्हे.

स्नायूची परीक्षा फुकट आहे. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा पुरते उभे राहता, ते मोजा. 65 ते 69 वयात पुरुषाचे 12 पेक्षा आणि बाईचे 11 पेक्षा कमी भरले, तर जोर कमी आहे. तात्यांचे भरले 7.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना व्यायाम लावून दिला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाचपर्यंत मोजायचे, हळू खाली आणायचा. दहा-दहा वेळा, दोन्ही पायांनी. वजनही उतरवायला सांगितले. 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की वजन 1 किलो उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार 4 किलोने हलका होतो. दुकानातून मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, हेही बजावले. रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

तीन महिन्यांनी मोजले, 11 भरले. झीज काही भरून आली नाही. पण तात्या काठी न घेता विहिरीपर्यंत जातात. दीड एकर त्यांनी वाट्याने दिलीच. एक एकर मात्र स्वतःकडे ठेवली.

हे दुखणे आपल्याच भागातले आहे. 1996 साली आपल्या ऊसपट्ट्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी झाली, तेव्हा सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सुमारे 18 टक्के प्रौढांनी सांगितली. उकिडवे बसून खुरपणाऱ्या आयाबहिणी तर तक्रारही करत नाहीत. त्यांना आधी विचारा.

मी डॉक्टर नव्हे. सांधा लाल झाला, ताप आला, तर व्यायाम सोडून दवाखाना गाठा. बाकीच्यांसाठी पुढच्या गटसभेला बेण्याच्या यादीबरोबर एक खुर्ची आणि घड्याळ आणतो. सर्वांनी, विशेषतः घरच्या मंडळींना घेऊन, जरूर यावे.

— ऊस विकास अधिकारी