परवलीचा शब्द

रात्री गडाचे दरवाजे बंद झाले, म्हणजे आत येऊ पाहणाऱ्यास पहारेकरी एक ठरलेला शब्द विचारीत असे. तो शब्द सांगणारा आपला, न सांगणारा परका. अंधारात चेहरा दिसणार तरी कसा? या शब्दाला ‘परवलीचा शब्द’ म्हणत. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, तो हाच होय. तुमची ईमेलची पेटी ज्या संगणकात असते, तो तुम्हांस ओळखीत नाही. तो केवळ शब्द ओळखतो. जो कोणी तो शब्द सांगेल, त्याला दार उघडते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “माझ्या पेटीत चोरण्याजोगे आहे तरी काय? शाळेच्या चार सूचना आणि मामाने पाठविलेली छायाचित्रे!” परंतु इतर कोणत्याही खात्याचा पासवर्ड विसरला, तर नवा ठरविण्याची चिठ्ठी बहुधा याच पेटीत येते. म्हणजे घरातील साऱ्या किल्ल्या ज्या खुंटीवर टांगलेल्या असतात, ती खुंटीच ही. चोराचा डोळा छायाचित्रांवर नसतो, खुंटीवर असतो.

चोर प्रथम अंदाज करून पाहतो. २००९ साली अमेरिकेतील ‘रॉकयू’ या कंपनीच्या साठ्यातून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. ते तपासले असता सर्वांत अधिक लोकांनी निवडलेला पासवर्ड ‘१२३४५६’ हा निघाला! इतरांना हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. माझा स्वतःचा पहिला पासवर्ड गावाचे नाव आणि जन्मवर्ष असा होता. माझ्या वर्गातील कोणत्याही मुलाने तो सहज ओळखला असता. केवळ सहा आकड्यांचे पासवर्ड फार तर १० लाख होतात, आणि संगणकाला तेवढे तपासण्यास वेळ लागत नाही. आठ इंग्रजी अक्षरे घेतली, तर ही संख्या २० हजार कोटींच्या वर जाते. पुढे प्रत्येक अक्षरागणिक ती २६ पट होते. म्हणून लांबी हेच खरे बळ. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. ते ध्यानातही राहतात. शिवाय एका खात्याचा पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये. एकीकडे चोरलेला शब्द चोर दहा दारांशी उच्चारून पाहतो.

परंतु चतुर चोर अंदाज करीत बसत नाही. तो शब्द आपल्याकडूनच मागून घेतो. २०१६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांस १९ मार्च रोजी एक पत्र आले. ते गूगलकडूनच आले आहे, असे दिसत होते. ‘युक्रेनमधून कोणी तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे, पासवर्ड तत्काळ बदला,’ असा त्याचा आशय होता, आणि खाली दाबण्यासाठी एक दुवा दिला होता. सहकाऱ्यांनी ते पत्र संगणकाच्या एका जाणकारास दाखविले. हे त्यांनी योग्यच केले. जाणकाराने कळविले, की पत्र खरे आहे, पासवर्ड बदलावा. आणि गूगलचा खरा दुवाही सोबत दिला. पत्र ‘खोटे’ आहे असे लिहावयाचे होते, चुकून ‘खरे’ लिहिले गेले, असे त्याने पुढे सांगितले. त्याने दिलेला दुवा तसाच राहिला आणि पत्रातील दुवा दाबला गेला. ५० हजारांहून अधिक पत्रे चोरांच्या हाती गेली व ऑक्टोबरपासून ती जगापुढे उघडी पडू लागली. चोर आला आहे, या भीतीपोटीच चोराला दार उघडले गेले!

असा दुवा ओळखावयाचा कसा? ‘सातारा रस्ता, पुणे’ असा पत्ता लिहिलेले पत्र साताऱ्यास जात नाही, पुण्यासच पोहोचते. कारण गाव शेवटी असते. दुव्याचेही तसेच आहे. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटी असेल, ते त्याचे गाव. ‘गूगल.कॉम.अमुक.नेट’ यात गूगल हा केवळ रस्ता आहे, गाव ‘अमुक.नेट’. पोडेस्टा यांच्या पत्रातील दुवा तर आखूड करून त्यामागील पत्ता झाकलेला होता. अशा वेळी दुवा न दाबता पत्ता स्वतःच्या हाताने लिहून जावे, हे उत्तम.

दाराला दुसरी कडीही लावता येते. पासवर्ड दिल्यावर भ्रमणध्वनीवर काही आकडे येतात आणि ते सांगितल्यावाचून आत जाता येत नाही. यालाच ओटीपी म्हणतात. “तुमचा ओटीपी सांगा,” असे विचारणारा फोन आला, तर तो ठेवून द्यावा, मग पलीकडील आवाज कितीही गोड असो.

इतके करूनही पेटी चोरीस गेलीच, तर प्रथम घरातील मोठ्यांना सांगावे. रागावतील म्हणून दोन दिवस लपविणारी मुले मी पाहिली आहेत. ते दोन दिवस चोरास पुरतात. मग पासवर्ड बदलावा आणि खाते उघडे असलेल्या सर्व यंत्रांवरून ते बंद करावे. जाता जाता चोर कधी कधी एक खिडकी उघडी ठेवून जातो: तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत आपल्याकडे यावी, अशी आज्ञा तो खात्यात लिहून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी ती आज्ञा तशीच राहते. ती शोधून काढून टाकावी लागते.