विश्लेषण : कृष्णेत मगरी वाढल्या, की नदीकाठ आटला?

थंडी पडली की सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावांतून मोबाइलवर चित्रफिती फिरू लागतात. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ, डिग्रज… कुठल्या तरी मळीच्या उतारावर तोंड उघडे टाकून पडलेली मगर, आणि पलीकडच्या काठावरून घेतलेला आवाज : ‘केवढी आहे बघ!’ मग उन्हाळ्यात एखादी वाईट बातमी येते. कपडे धुणारी बाई, पोहायला उतरलेला मुलगा, मोटारीचा पाइप बघायला गेलेला शेतकरी. ‘मगरी फार झाल्या, त्यांना उचलून न्या’ ही मागणी दर वर्षी नव्याने होते. मात्र मगरी किती आहेत हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्या राहतात तो काठ किती उरला हे विचारले जात नाही.

ही मगर कोणती आणि ती काठावर काय करते?

कृष्णेतली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली ‘मगर’ हीच जात. गंगा-चंबळेतील लांब सोंडेची घडियाल वेगळी आणि सुंदरबन-भितरकणिकातील खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी. महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी यांतही हीच जात आहे. पूर्ण वाढलेली मगर तीन ते चार मीटरपर्यंत भरते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे देशभरातून मगरी संपत चालल्या तेव्हा १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. आज दिसणाऱ्या मगरी हे शिकार थांबल्याचेही फळ आहे.

मगर शीतरक्ताची. शरीराचे तापमान राखायला तिला बाहेरची ऊब लागते, म्हणून हिवाळ्यात ती तासन् तास उन्हात पडून राहते. तोंड उघडे ठेवणे ही डरकाळीची तयारी नव्हे. तो अंगातली उष्णता सांभाळण्याच्या सवयीचा भाग आहे. म्हणजे हिवाळ्यात ‘अचानक’ दिसणारी मगर पावसाळ्यातही तिथेच असते. फरक एवढाच, की तेव्हा ती पाण्यात असते आणि पाणी गढूळ असते.

काठाशिवाय मगरीचे अडते कुठे?

मगर राहते पाण्यात, पण तिचा वंश चालतो जमिनीवर. हिवाळ्यात मीलन होते आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान मादी पाण्याच्या रेषेच्या वर, मऊ मातीच्या किंवा वाळूच्या उतारावर खड्डा खणून अंडी घालते. एका वेळी बहुधा पंचवीस-तीस. ती उबवायला ती बसत नाही, ते काम मातीतली ऊब करते. सुमारे दोन महिन्यांनी, पाऊस तोंडावर आला असताना, आतली पिल्ले आवाज करू लागतात. तो ऐकून मादी माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. ज्या जबड्याची एवढी धास्ती, त्यातूनच.

या मातीचे काम उबवण्यापुरते नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे मगरींमध्ये गुणसूत्रांवर ठरत नाही, घरट्यातल्या तापमानावर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर अधिक होतात, एकतीस-तीस अंशांना आणि त्याखाली माद्या. उताराची दिशा, वरच्या झाडाची सावली, मातीतला ओलावा, खड्ड्याची खोली या सगळ्यावर पुढच्या पिढीतले नर-मादीचे प्रमाण अवलंबून. काठ सपाट करून तिथे उघडी माती ठेवली किंवा काँक्रीट ओतले, तर घरट्याची जागाच तेवढी जात नाही, हे गणितही बिघडते. शिवाय मगरी काठात लांब बिळे खणतात. उन्हाच्या काहिलीत आणि थंडीत ती त्यांच्या कामी येतात. अशा बिळाला उभा, मातीचा, झाडांच्या मुळांनी धरलेला काठ लागतो.

हा काठ एकट्या मगरीचा नाही. उभ्या दरडीत खंड्या आणि राघू बिळे करून पिल्ले वाढवतात, पाकोळ्या वसाहत करतात. उघड्या वाळूवर टिटवी आणि नदी सुरय यांची अंडी असतात, वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. कासवे अंड्यांसाठी तिथेच चढतात. पाण्याला लागून शेरणीची झुडपे, थोडे वर वाळुंज, मग करंज, जांभूळ, उंबर. शेरणी पुरात आडवी होते, पण उपटत नाही. पूर ओसरला की पुन्हा उभी. बांधकामाशिवाय काठ धरून ठेवणारी ही व्यवस्था आहे. ती आहे तोवर दिसत नाही आणि गेली की शेत ढासळल्यावरच कळते.

काठाचे काय झाले?

कृष्णाकाठच्या मळीची माती प्रसिद्ध. तिच्यातली वांगी आजही नाव टिकवून आहेत. पण मळीच्या पट्ट्यात ऊस अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत उतरला. वीटभट्ट्यांना पोयटा लागतो, तो काठ खरवडून काढला जातो. वाळूचा उपसा हा तिसरा घाव. नदीचा तळ खोल जातो, तसा काठ पायथ्यातून सुटतो आणि पुढच्या पुरात दरड कोसळते. पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरणीय मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपककुमार प्रकरणात बजावले. रात्रीच्या उपशाला हा निकाल ठाऊक आहे, असे काठावर फिरताना वाटत नाही.

मळी या शब्दाचा दुसरा अर्थही इथे सर्वांना माहीत आहे. कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी नदीत आले की मासे तडफडून वर येतात. मासा हे मगरीचे मुख्य अन्न. मासे मेले की ती काठावरच्या कुत्र्यांकडे, शेळ्यांकडे वळण्याची शक्यता वाढते. कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरे नदीत टाकण्याची सवय तर तिला थेट घाटापर्यंत बोलावणेच पाठवते.

बंधाऱ्यांचा परिणाम मात्र दुहेरी आहे. पूर्वी उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत तुटायची. आता पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की मागे लांबवर पाणी तुंबून राहते. वाढलेल्या मगरीला हे सोयीचे, बारमाही खोल पाणी. पण फुगवट्याखाली उताराचा वाळूचा पट्टा बुडतो आणि मादीला घरट्यासाठी वर, शेताच्या बांधाकडे सरकावे लागते. तिथेच पंपाची वाट आहे. अंडी घातल्यानंतर वरून विसर्ग वाढला आणि पाणी घरट्यापर्यंत चढले तर अंडी गुदमरतात, ते वेगळेच.

हल्ले उन्हाळ्यातच का?

याच महिन्यांत मादी घरट्याच्या आसपास असते आणि जवळ येणाऱ्याला हुसकावते. याच महिन्यांत शाळांना सुट्टी लागते, मुले नदीत उतरतात. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, मग अंधारात फुटव्हॉल्व्ह साफ करायला कमरेएवढ्या पाण्यात उतरावे लागते. मगर पाण्याच्या कडेला दबा धरणारी शिकारी आहे. वाकून बसलेला माणूस तिच्या नजरेत लहान जनावरासारखाच दिसतो. यात दोष मगरीचा नाही, तसा शेतकऱ्याचाही नाही. वीज दिवसा मिळाली असती तर तो तिथे नसता. वन विभाग ‘पाण्यात उतरू नका’ असे फलक लावतो. घरात नळ नसलेल्या वस्तीने त्या फलकाचे काय करायचे, याचे उत्तर वन विभागाकडे असूही शकत नाही.

पकडून दुसरीकडे सोडल्या तर?

मगरींना आपली जागा ठाऊक असते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रह यंत्रे लावून दूर सोडले, तेव्हा त्या परत आल्या. त्यांतली एक किनाऱ्याने चारशे किलोमीटरहून अधिक पोहून. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली मगर इतके अंतर कापेल असे नाही, पण सोडलेल्या ठिकाणी आधीच मगरी असतील तर भांडण, नसतील तर नवे गाव आणि बेसावध माणसे. इकडे मोकळ्या झालेल्या डोहात काही दिवसांत दुसरी मगर येते. पुरात तर त्या स्वतःच फिरतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर येऊन बसली होती.

मग इतरत्र काय केले जाते?

श्रीलंकेत नदीच्या पाणवठ्यांवर खांब रोवून पाण्यातच कुंपण घालतात. त्याला ‘किंबुल कोटुवा’ म्हणतात. माणसे त्या चौकटीत अंघोळ करतात, मगर बाहेर राहते. कृष्णेसारख्या पूर येणाऱ्या नदीत अशी चौकट दर पावसाळ्याआधी काढून पुन्हा बसवावी लागेल. बंधाऱ्यांचे बरगे दर वर्षी काढले-घातले जातातच. गुजरातमध्ये चरोतरच्या गावतळ्यांत मगरी माणसांशेजारी राहतात. तिथे कोणत्या काठाने पाणी भरायचे आणि कोणता तिच्यासाठी सोडायचा, हे गावाला पाठ असते. गोव्यात दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला खाजन शेतीच्या बांधावर मातीची मगर करून पूजतात. ‘मानगे थापणी’ म्हणतात तिला. ज्या बांधात मगर बीळ करते, तोच बांध शेत वाचवतो.

कृष्णाकाठी करता येण्याजोगे पहिले काम त्याहून साधे आहे. घरटी कुठल्या उतारांवर होतात हे नदीकाठच्या शेतकऱ्यांना आणि नावाड्यांना नेमके माहीत असते. त्या थोड्या जागांवर फेब्रुवारी ते जून माती-वाळू उचलायची नाही, आणि जवळच्या पंपांना त्या काळात दिवसाची वीज द्यायची. पहिली गोष्ट महसूल खात्याच्या हातात आहे, दुसरी वीज कंपनीच्या, आणि मगर वन विभागाच्या. तिघांची एकत्र बैठक सहसा मृत्यूनंतर होते. अंडी घालण्याचा हंगाम तोवर उलटून गेलेला असतो.