संगीताचे शिक्षक कसे घडतात?

महाविद्यालयात संगीत शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवाराला ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा एकही स्वर न लावता उत्तीर्ण होता येते. परीक्षा वस्तुनिष्ठ स्वरूपाची आहे. तीत राग, ताल, ग्रंथ, घराणी आणि वाद्यांचे वर्गीकरण यांवर प्रश्न विचारले जातात. उमेदवाराचे गाणे ऐकण्याची किंवा त्याने विद्यार्थ्यांना कसे शिकवले ते पाहण्याची सोय तीत नाही. पुढे मुलाखतीच्या वेळी गायला किंवा वाजवायला सांगितले जाते, हे खरे; परंतु शिकवण्याचे कौशल्य तेव्हाही बहुधा गृहीतच धरले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी कलावंतांसाठी दुसरा मार्गही ठेवला. नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी मिळवलेल्या पदवीधर कलाकाराला या मार्गाने सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र मानण्यात आले. आपला विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून सांगण्याची क्षमता त्याच्यापाशी असावी, अशीही अट त्या नियमांत आहे. अट योग्यच आहे. मात्र ही क्षमता कोठे मिळवावी आणि ती कोणी पारखावी, याविषयी आपल्या शिक्षणव्यवस्थेत फारसा विचार झालेला नाही. संगीताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मंचप्रदर्शन, मौखिक परीक्षा, इतिहास आणि संगीतशास्त्र यांना भरपूर जागा असते. अध्यापनपद्धतीच्या वाट्याला फार तर एखादी प्रश्नपत्रिका येते, आणि तीही लेखी.

उपदेशक वर्गाचे विस्मरण

विशेष म्हणजे या देशातील आधुनिक संगीतशिक्षणाचा आरंभ शिक्षक घडवण्याच्या प्रयत्नातूनच झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. या विद्यालयात सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या वर्गांखेरीज ‘उपदेशक’ वर्ग होता. त्यातील विद्यार्थी विद्यालयातच राहत. त्यांच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था पंडितजी करीत. पुढे गावोगावी जाऊन संगीत शिकवणे हे त्यांचे ठरलेले कार्य होते. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी याच शिस्तीत वाढली. ओंकारनाथांकडे लाहोरच्या शाखेची जबाबदारी आली तेव्हा ते जेमतेम विशीचे होते.

या वर्गाचे वैशिष्ट्य केवळ तालमीच्या कठोरतेत नव्हते. गुरूला एका विद्यार्थ्यापुढे आणि वर्गापुढे शिकवताना पाहणे, आणि शिक्षकाच्या जागी उभे राहण्याच्या तयारीनेच स्वतःची विद्या मिळवणे, हे त्यात एकत्र होते. आजच्या परिभाषेत ज्याला पर्यवेक्षित अध्यापन म्हणतात, त्याचेच बीज येथे दिसते. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, देवधरांनी त्यापूर्वीच, १९२५ मध्ये, मुंबईत आपली संस्था सुरू केली होती आणि ओंकारनाथ १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. एका वर्गातून निघालेल्या शिक्षकांनी उत्तर आणि पश्चिम भारतातील संगीतशिक्षणाचा नकाशाच आखला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग वेगळा होता. लखनौमध्ये १९२६ साली सुरू झालेल्या मॉरिस कॉलेजची उभारणी त्यांनी क्रमिक पुस्तके, स्वरलिपी आणि ठरावीक पाठ्यक्रम यांवर केली. पुस्तक चांगले असेल तर साधारण शिक्षकाच्या हातीही विद्येची हानी होणार नाही, हा विश्वास त्या पद्धतीच्या मुळाशी दिसतो.

पलुसकरांचे निधन १९३१ मध्ये झाले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ अस्तित्वात आले. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा आणि त्यावरील अलंकार या मालिकेने संगीत मध्यमवर्गीय घराघरांत नेले. पण उपदेशक वर्गाची परंपरा मात्र तशी रुजली नाही. विशारद झालेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढतो. त्याने राग किती शिकले हे प्रमाणपत्रावर असते. शिकवणे किती शिकले याची नोंद कुठेच नसते. पुणे-नागपूर असो, इंदूर-बडोदे असो वा पणजी, असंख्य मुलांचा पहिला गुरू असा क्लासचालकच असतो.

वर्गात नेमके काय अडते

गुरुशिष्य परंपरेत गुरू स्पष्टीकरण क्वचितच देतो. शिष्य वर्षानुवर्षे सहवासात राहतो, ऐकतो, चुकतो आणि हळूहळू सुधारतो. शाळेतील चाळीस मिनिटांच्या तासिकेत चाळीस मुलांसमोर हा मार्ग चालत नाही. तेथे शिक्षकाला चुकीचे कारण क्षणात ओळखावे लागते.

उदाहरणच घ्यावयाचे तर आवाजाचे घेता येईल. पुरुष शिक्षक गातो तेव्हा त्याचा आवाज लहान मुलांच्या आवाजापेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. बहुतेक मुले आपोआप वरच्या सप्तकात गातात. काही मात्र शिक्षकाचाच खर्ज गाठू पाहतात आणि बेसूर ठरतात. अशा मुलाला ‘कान नाही’ असा शिक्का बसतो. खरे तर त्याला एखाद्या मुलाचा किंवा स्त्रीचा आवाज नमुना म्हणून ऐकवला तर तो पुष्कळदा सुरात येतो. यात कोणतीही जादू नाही. हे कोणीतरी शिक्षकाला सांगितलेले असावे लागते, एवढेच.

आठवी-नववीच्या वर्गात प्रश्न आणखी बिकट होतो. मुलांचा आवाज फुटू लागला की तो अखेर सुमारे एक सप्तक खाली उतरतो. या संक्रमणात काही महिने त्यांच्या हाती चार-पाच भरवशाचे स्वरच उरतात. मुलींच्याही आवाजात बदल होतो, परंतु तो सौम्य असतो. एका ‘सा’वर साऱ्या वर्गाला गायला लावणारा शिक्षक या मुलांना नकळत गप्प करतो, आणि त्यांतील अनेक जण पुढे कधीच गात नाहीत. त्यांच्यासाठी थोड्या स्वरांतली लहान ओळ निवडावी, काही काळ हाताने ताल द्यायला किंवा वाद्याची साथ करायला सांगावे, जोर लावून जुन्या पट्टीत गाण्यास मनाई करावी, हे उपाय सोपे आहेत.

वाद्यांची गोष्ट निराळी. तबल्याच्या वर्गात पंधरा जोड्या एकदम वाजू लागल्या की ‘तिरकिट’ कोणाचे चुकते आहे हे कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून जाणता शिक्षक आधी बोलांची पढंत पक्की करून घेतो आणि मग एकेकाचा हात पाहतो. शिवाय ‘तिरकिट’ची बोटे घराण्यागणिक बदलतात, दुसऱ्या घराण्याच्या हाताला चुकीचे ठरवण्यापूर्वी ते घराणे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. सतारीवर लहान बोटांना मींड ओढण्याची घाई केली तर वेदना पदरी पडते, सूर नाही. करोनाकाळात, २०२० पासून, संगणकाच्या पडद्यावरून शिकवणी सुरू झाली तेव्हा एक नवीच अडचण कळली. ध्वनी पोचण्यास होणाऱ्या विलंबामुळे गुरू आणि शिष्य यांना एकत्र गाता-वाजवता येत नाही. साथीने शिकवण्याची जुनी सवय सोडून ऐकवणे आणि म्हणवून घेणे असा क्रम अनेकांना नव्याने बसवावा लागला.

शाळेच्या दारापाशी

शालेय पातळीवरील चित्रही संमिश्र आहे. केंद्रीय विद्यालयांच्या २०२२ च्या भरतीत प्राथमिक संगीत शिक्षकासाठी बारावी आणि संगीताची पदवी पुरेशी होती. अध्यापन पदविकेची सक्ती नव्हती. दुसरीकडे, बी.एड. करणाऱ्याला बालमानसशास्त्र आणि पाठनियोजन शिकायला मिळते, पण संगीत हा अध्यापनाचा विषय म्हणून निवडण्याची सोय अनेक महाविद्यालयांत नसते. परिणामी संगीताचा पदवीधर इतिहासाचा किंवा मराठीचा पाठ घेऊन शिक्षक होतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमांत प्रयोगजीवी कलांच्या शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आणली, हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु तिचा विचार बारावीनंतरच्या विद्यार्थ्यासाठी आहे. ज्याने पाच-सात वर्षे एम.ए.पर्यंत गळा तयार केला, त्याच्यासाठी ती सोयीची नाही.

फ्रान्समध्ये संगीतविद्यालयांतील शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत आणि त्यांच्या परीक्षेत उमेदवाराला परीक्षकांसमोर प्रत्यक्ष विद्यार्थ्याला शिकवून दाखवावे लागते. विद्यार्थी बहुधा उमेदवाराच्या ओळखीचा नसतो. त्या पद्धतीची हुबेहूब नक्कल येथे करावी असे नाही. आपल्याकडील तालीम मुळात कानावर आणि सहवासावर आधारलेली आहे. तरीही शिक्षक होऊ पाहणाऱ्याने एकदा तरी कोणासमोर शिकवून दाखवावे, या अपेक्षेत परके असे काही नाही.

परिषदेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक अभ्यासक्रमात कलाशिक्षणाची विशेष शाखा सुचवली आहे. तीत सराव पाठांचे निरीक्षण करायला शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाबरोबर गाणारा वा वाजवणारा कलाकार बसणार की नाही, यावर तिचे मोल ठरेल. चुकलेला कोमल गंधार फळ्यावरील पाठनियोजनात दिसत नाही.